पत्त्याचे मालक

लंडनच्या हॅरो भागात राहणारी एक मराठी मुलगी रात्री जेवणं आटोपल्यावर डोंबिवलीतल्या एका घरगुती दुकानाच्या वेबसाइटवर चकली, कडबोळी आणि अनारसे कार्टमध्ये टाकते. चेकआउटच्या पानावर ती पोस्टकोड टाइप करू लागते. चार-पाच अक्षरं होताहेत तोच खाली यादी उलगडते. घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळं तयार. ती आपल्या घराची ओळ निवडते आणि पत्त्याच्या सगळ्या चौकटी एकदम भरतात. त्याच सुमारास त्याच दुकानात गिरगावातले एक आजोबा नातवाच्या मदतीने ऑर्डर देत असतात. ते चाळीचं नाव टाइप करतात. यादीत त्या नावाचं पुण्यातलं मंगल कार्यालय येतं, ठाण्यातली सोसायटी येते, कुठल्याशा हायवेवरचं हॉटेल येतं. चाळ येत नाही.

दोन्हीकडे पत्ता सुचवणारं प्लगइन एकच आहे आणि दुकानदाराने त्याचं लायसन्सही एकदाच घेतलं आहे. फरक आहे तो प्लगइनच्या मागे असलेल्या पत्त्यांच्या यादीत. ती यादी कोणी केली, कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या अटींवर ती दुकानदाराला मिळते, यावर हा सगळा खेळ चालतो. ऑनलाइन दुकान काढणाऱ्या माणसाला प्लगइनची किंमत लगेच दिसते. यादीची किंमत मात्र बिल आल्यावर कळते.

हे फराळाचं दुकान माझ्या मावसबहिणीचं. ती आणि शेजारच्या बायका मिळून फराळ करतात, वेबसाइट तिचा मुलगा सांभाळतो. पत्ता चुकला की काय होतं हे या घराला समजावून सांगायला नको. देशातलं पार्सल परत आलं तर जायचं आणि यायचं, दोन्ही भाडं अंगावर पडतं. कुरिअरवाले त्याला ‘आरटीओ झालं’ म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर हातात एक रुपयाही आलेला नसतो आणि चकलीचा चुरा झालेला असतो. परदेशातलं पार्सल परत मागवण्यात तर अर्थच नसतो. म्हणून पत्ता सुचवणारं प्लगइन घ्यायचं ठरलं, आणि ते कसं चालतं हे मी भाच्याच्या शेजारी बसून पाहिलं.

“मावशी, आता नुसती उजवीकडे बघत राहा,” असं म्हणत त्याने ब्राउझरमधली प्रोग्रामरची खिडकी उघडली. पानावरून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती तिथे एकेका ओळीत दिसते. त्याने पत्त्याच्या चौकटीत इंग्रजीत गिरगाव लिहायला घेतलं. तिसऱ्या अक्षरानंतर उजवीकडे एक ओळ आली, चौथ्यानंतर दुसरी, पाचव्यानंतर तिसरी. एक अक्षर खोडलं तर आणखी एक. माणूस विचार करत, चुकत, खोडत लिहितो, आणि त्याचं प्रत्येक अक्षर त्या क्षणी दूरच्या सर्व्हरकडे जातं. तिथून सुचवण्या परत येतात.

यात पैशाचा प्रश्न कुठे येतो? गूगलसारख्या सेवांमध्ये या सगळ्या विनंत्यांना एकच खूण लावता येते. त्यांच्या भाषेत ते ‘सेशन टोकन’. ग्राहकाने पहिलं अक्षर लिहिल्यापासून त्याने यादीतला पत्ता निवडेपर्यंतचा सगळा व्यवहार मग एक सेशन म्हणून मोजला जातो. खूण नसेल तर प्रत्येक विनंती स्वतंत्र. भाच्याने आधी घेतलेलं एक प्लगइन ही खूण पाठवतच नव्हतं. ग्राहक पत्ता लिहीत राहायचे आणि दुकानाच्या खात्यावर अक्षरागणिक मोजणी व्हायची. ऑर्डर न देता अर्ध्यावरून निघून गेलेल्यांचीसुद्धा. प्लगइन बनवणाऱ्याला याची झळ बसत नाही, कारण हे बिल त्याच्याकडे जातच नाही.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट दिसली. सेवेची चावी, म्हणजे ‘एपीआय की’, विनंतीच्या ओळीत उघड होती. ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवेत ती लपवता येत नाही. कोणीही पाहू शकतो, उचलून स्वतःच्या साइटवर लावू शकतो. उपाय सोपा आहे. सेवेच्या खात्यात जाऊन ही चावी फक्त आपल्याच डोमेनवरून चालेल अशी अट घालायची आणि रोजच्या वापराला कमाल मर्यादा लावायची. किती दुकानदार हे करतात? बहुतेकांची साइट कोणीतरी बनवून दिलेली असते. चावी त्याच्याच खात्यावर असते, आणि तो नंतर फोन उचलत नाही.

*

अशा प्लगइनसाठी दुकानदार खरं तर एकावर एक असे करार करत असतो, आणि ते वेगळे करून पाहिले नाहीत तर गोंधळ होतो. वरचा करार प्लगइनचा. या दुकानाची साइट ज्यावर उभी आहे ते वर्डप्रेस जीपीएल या मुक्त लायसन्सखाली येतं. वर्डप्रेसचं म्हणणं असं की त्यावर आधारलेल्या प्लगइनचा पीएचपी कोडही त्याच लायसन्सखाली यायला हवा. २०१० मध्ये थीसिस नावाच्या एका लोकप्रिय थीमवरून हा वाद पेटला होता आणि शेवटी थीसिसने आपल्या पीएचपी कोडसाठी जीपीएल मान्य केलं. म्हणजे ‘एका साइटचं लायसन्स’, ‘पाच साइटचं लायसन्स’ अशा ज्या पाट्या आपण पाहतो, त्या कोड वापरण्याच्या परवानगीपेक्षा अपडेट आणि मदत यांच्या असतात. वर्ष संपलं आणि रिन्यूअल केलं नाही तर असं प्लगइन बहुधा चालूच राहतं, फक्त नवी आवृत्ती येणं थांबतं.

मग रिन्यूअल कशाला, असा प्रश्न भाच्याच्या आईने विचारलाच. उत्तर गेल्या काही वर्षांतल्या बदलांत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्स या प्लगइनच्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानांना ब्लॉक पद्धतीचं चेकआउट आपोआप मिळू लागलं. जुन्या पद्धतीच्या पानाला जोडून घेणारी कित्येक प्लगइनं या नव्या पानावर गप्प बसली. चौकट दिसते, सुचवण्या येत नाहीत. पुढे १ मार्च २०२५ पासून गूगलने पत्ता सुचवणारा आपला जुना घटक नव्या ग्राहकांसाठी बंद केला. त्या तारखेनंतर नवीन खातं उघडून जुनं प्लगइन जोडणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. ‘आयुष्यभराचं लायसन्स’ असं लिहून विकलं जाणारं प्लगइन घेताना हे लक्षात ठेवायला हवं. प्लगइनचं आयुष्य त्याच्या खालची जमीन किती दिवस तीच राहते यावर ठरतं.

काही जण पैसे वाचवायला ‘नल्ड’ प्रत घेतात, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून टाकलेली फुकट प्रत. याबद्दल मी स्पष्ट बोलते. इतर कुठल्याही पानावर ही चूक एक वेळ निभावेल, चेकआउटवर नाही. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा व्हायरस कित्येक वर्षं नेमका अशाच फुकट वाटलेल्या थीम आणि प्लगइनांमधून वर्डप्रेस साइटींमध्ये शिरत होता. आणि चेकआउटच्या पानावर शिरलेली स्क्रिप्ट काय करू शकते हे ब्रिटिश एअरवेजने २०१८ मध्ये अनुभवलं. त्यांच्या पानावरच्या एका जुन्या स्क्रिप्टला कोणीतरी २२ ओळी जोडल्या, आणि ग्राहकांनी भरलेला कार्डाचा तपशील भलतीकडे जाऊ लागला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये त्यांना २ कोटी पौंडांचा दंड केला. आता कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांनुसार पैसे भरण्याच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद ठेवावी लागते आणि ती तिथे का आहे हे सांगता यावं लागतं. ३१ मार्च २०२५ पासून ही अट सक्तीची झाली. पत्ता सुचवणारी स्क्रिप्ट अनेकदा याच पानावर असते.

खालचा करार आहे तो यादीचा. तो जीपीएलमध्ये येत नाही. गूगलच्या अटी घ्या. सुचवण्यांची यादी साठवून ठेवायची नाही. ठिकाणाचा ओळख क्रमांक हवा तितके दिवस ठेवता येतो, अक्षांश-रेखांश ३० दिवसांपुरते. सुचवण्या जमवून स्वतःची पत्त्यांची वही तर मुळीच करायची नाही. नकाशा न दाखवता सुचवण्या दाखवल्या तर खाली गूगलचं नाव दिसलं पाहिजे. दिसायला बरं वाटत नाही म्हणून ते सीएसएसने लपवलं की अट मोडली. भाच्याला हे नवं होतं. प्लगइन आपलं झालं म्हणजे त्यातून येणारे पत्तेही आपले, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे.

*

आता त्या हॅरोच्या मुलीकडे वळते, कारण पत्त्यांच्या यादीच्या मालकीची सगळ्यात बोलकी गोष्ट ब्रिटनमध्ये घडली आहे.

ब्रिटनमध्ये पोस्टकोडचा पहिला प्रयोग १९५९ मध्ये नॉर्विच शहरात झाला आणि १९७४ पर्यंत सगळ्या देशाला कोड मिळाले. एका कोडखाली सरासरी पंधराएक घरं येतात. आपल्या पिनकोडखाली आख्खी पेठ किंवा वीस गावं असतात, तिथे ब्रिटनचा कोड रस्त्याचा एक तुकडा दाखवतो. त्यामुळे कोड लिहिला की घरांची छोटी यादी दाखवायची आणि ग्राहकाने त्यातलं आपलं घर निवडायचं, ही रीत तिथे फार लवकर रुळली. त्यामागे रॉयल मेलची ‘पोस्टकोड अॅड्रेस फाइल’ आहे. या धंद्यातले लोक तिला ‘पॅफ’ म्हणतात. ३ कोटींहून जास्त पत्ते, सुमारे १८ लाख पोस्टकोड. नवी इमारत झाली की रस्त्याला नाव आणि घराला क्रमांक देण्याचं काम तिथल्या स्थानिक परिषदा करतात, ते रॉयल मेलला कळवतात, आणि रोज टपाल वाटणारे पोस्टमन फिरता फिरता चुका दाखवत राहतात. इतक्या माणसांच्या रोजच्या कामातून ही फाइल ताजी राहते.

ती वापरायची तर लायसन्स लागतं. छोटं दुकान थेट रॉयल मेलकडे जात नाही. मधल्या कंपन्या फाइल घेतात, आपली सेवा उभी करतात आणि एका शोधामागे इतके पेन्स या दराने विकतात. हॅरोच्या मुलीने निवडलेल्या एका ओळीतला काही भाग सेवा देणाऱ्याचा आणि काही रॉयल मेलचा. डोंबिवलीच्या दुकानाने भरलेला.

२००९ मध्ये तिथल्या दोन तरुण प्रोग्रामरनी पोस्टकोडवरून ठिकाण शोधून देणारी एक सेवा फुकट चालू केली. घराजवळच्या बांधकाम परवानग्या दाखवणाऱ्या, नोकऱ्या शोधून देणाऱ्या, बिनफायद्याच्या साइटी ती वापरत. सेवेला त्यांनी नाव दिलं होतं अर्नेस्ट मार्पल्स यांचं. नॉर्विचचा प्रयोग झाला तेव्हा हे गृहस्थ टपाल खात्याचे मंत्री होते. काही महिन्यांत रॉयल मेलच्या वकिलांचं पत्र आलं आणि ऑक्टोबरमध्ये सेवा बंद झाली. त्यावरून इतकी चर्चा झाली की १ एप्रिल २०१० ला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेने पोस्टकोड आणि त्यांची ठिकाणं यांची एक यादी सगळ्यांसाठी खुली केली. पण त्यात फक्त कोड आणि ठिकाण होतं. घरांची नावं, क्रमांक, रस्ते पॅफमध्येच राहिले.

आणि मग २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने रॉयल मेलचे शेअर बाजारात विकले. फाइल कंपनीबरोबरच गेली. ती आधी वेगळी काढून सार्वजनिक ठेवा, असं अनेक जण सांगत होते. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश संसदेच्या प्रशासनविषयक समितीने अहवाल दिला आणि या फाइलची विक्री चूक होती असं स्वच्छ शब्दांत लिहिलं. चूक मान्य झाली, फाइल परत आली नाही. आज परिस्थिती अशी की ज्या परिषदा पत्ते जन्माला घालतात, त्यांच्यासह सगळ्या सरकारी कार्यालयांना ती फाइल वापरता यावी म्हणून सरकार एकगठ्ठा पैसे भरतं. २०२० च्या जुलैमध्ये प्रत्येक घराचा एकमेव क्रमांक खुला झाला, तोही क्रमांक आणि अक्षांश-रेखांश एवढाच. पत्त्याचे शब्द त्यात नाहीत.

मला यात खटकतं ते पैसे आकारणं नव्हे. यादी ताजी ठेवायला माणसं लागतात, त्यांचा पगार कुठून तरी यायला हवा. खटकतं ते हे की लोकांच्या कराच्या पैशातून आणि सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या पायपिटीतून झालेली वस्तू एका कंपनीच्या मालमत्तेत गेली, आणि आता ज्याचं घर आहे त्यालाही तिच्यात आपलं घर शोधायला अप्रत्यक्षपणे पैसे मोजावे लागतात.

वेगळा मार्गही होता, आणि तो फार दूर नव्हता. डेन्मार्कने २००२ मध्येच पत्त्यांची अधिकृत माहिती खुली करायचा निर्णय घेतला. नंतर झालेल्या पाहणीत २००५ ते २००९ या पाच वर्षांत समाजाला झालेला थेट फायदा सुमारे ६ कोटी २० लाख युरो निघाला, आणि खर्च होता सुमारे २० लाख. डेन्मार्कने त्यावर पत्ता सुचवणारी सरकारी सेवाही फुकट चालवली. तिथल्या दुकानदाराला पत्ता सुचवण्यासाठी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ च्या फेब्रुवारीत आपली राष्ट्रीय पत्ता फाइल खुली केली. फ्रान्सने आपली पत्त्यांची यादी २०२० पासून पूर्ण मोकळी केली.

कॅनडातलं प्रकरण तर थेट आपल्या विषयाला भिडणारं आहे. तिथल्या एका छोट्या कंपनीच्या साइटवर लोक पत्ता आणि पोस्टल कोड लिहून ठिकाण शोधत. लोकांनी स्वतःहून लिहिलेल्या त्या जोड्यांमधून कंपनीने कोडांची यादी तयार केली आणि वाटली. २०१२ मध्ये कॅनडा पोस्टने तिच्यावर कॉपीराइटचा दावा ठोकला. चार वर्षं खटला चालला आणि २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. लोकांनी स्वतः सांगितलेल्या आपापल्या कोडांची यादी कोणाची, या प्रश्नावर न्यायालयाचा निकाल त्यामुळे आलाच नाही.

*

आणि आपण? आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. कोडांची यादी आपल्याकडे खुली आहे, घरांची यादी मात्र धड अस्तित्वातच नाही.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागचा माणूस मराठी होता: श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, या गोंधळातून टपाल वाट काढू शकेल अशी सहा आकडी रचना त्यांनी दिली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. आज १९ हजारांच्या आसपास पिनकोड आहेत, आणि पोस्ट ऑफिसांच्या नावांसकट त्यांची यादी सरकारच्या खुल्या माहितीत कोणालाही उतरवून घेता येते. ब्रिटनमध्ये ज्यासाठी वकिलांची पत्रं गेली, त्याच्या जवळपासचं आपल्याला सरकारने आपण होऊन दिलेलं आहे. याचं मोल आपल्याकडे फार थोड्यांना कळलं आहे.

पण हा कोड पोस्टाच्या सोयीने बेतलेला आहे, महसुलाच्या नव्हे. ४१५ ने सुरू होणारे पिन सातारा जिल्ह्यात आहेत आणि रत्नागिरीतही. ४१६ ने सुरू होणारे कोल्हापूर, सांगली आणि खाली सिंधुदुर्गात. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा भरून टाकणारं प्लगइन मालवणच्या माणसाला कोल्हापूरकर करून टाकतं. त्यात भर नावं बदलल्याची. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. परदेशी सेवेच्या यादीत जुनं नाव, ग्राहक लिहितो नवं, कुरिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींपैकी एखादंच. मधे दुकानदार.

घराच्या पातळीवर उतरलं की खरी अडचण दिसते. मावसबहिणीच्या दुकानात आलेले पत्ते मी वाचत बसले. राम मंदिराच्या मागे, पिंपळाच्या पाराजवळ. जुन्या एसटी स्टँडसमोर, मेडिकलच्या वर. गट नंबर अमुक, पाटलांच्या मळ्याशेजारी. विंग, मजला, खोली नंबर, आणि शेवटी ‘आल्यावर फोन करा’. गोव्याहून आलेल्या पत्त्यात वाड्याचं नाव. हे पत्ते अपुरे नाहीत. गावातल्या पोस्टमनला यापेक्षा नेमकं काही सांगताच येणार नाही. फॉर्म बनवणाऱ्याने मात्र रस्ता आणि घर क्रमांक यांनीच पत्ता होतो असं धरलेलं असतं, आणि या ओळींना त्यात जागा नसते.

या दुकानात घडलेली चूक अशीच होती. ठाण्यातल्या एका बाईंनी पहिल्या चौकटीत फ्लॅट नंबर आणि विंग लिहिली, मग सोसायटीचं नाव. यादीत सोसायटी आली, त्यांनी ती निवडली. प्लगइनने आख्खी पहिली ओळ पुसून तिथे यादीतला मजकूर भरला. यादीला इमारत माहीत होती, त्यातला फ्लॅट माहीत नव्हता. बाईंना वाटलं कॉम्प्युटरने बरोबर केलं असेल. लाडवांचा डबा सोसायटीच्या फाटकापर्यंत बिनचूक पोहोचला आणि तिथे अडला, कारण एकाच आडनावाची तीन घरं होती. प्लगइन घेताना विचारायचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे: ग्राहकाने आधी लिहिलेलं हे पुसतं का? सुचवणं आणि पडताळणं ही वेगळी कामं आहेत. यादीत पत्ता आला म्हणजे तिथे पार्सल पोहोचतंच असं नाही. पडताळणीची सेवा वेगळी विकली जाते आणि तिलाही यादीच लागते.

यादी नसल्यामुळे आपल्याकडे नकाशेवाल्या कंपन्यांचं वजन वाढलं. २०२४ च्या जुलैमध्ये ओलाच्या प्रमुखांनी गूगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे वापरत असल्याचं जाहीर केलं आणि वर्षाला १०० कोटी रुपये वाचतील असं सांगितलं. त्याच महिन्यात गूगलने भारतासाठीचे दर ७० टक्क्यांपर्यंत कमी करून १ ऑगस्टपासून रुपयांत बिल द्यायची घोषणा केली. १९९५ पासून देशात नकाशे करणाऱ्या मॅपमायइंडियाची सेवाही आहे. छोट्या दुकानाला याचा फायदा झाला हे खरं. पण हे दर कंपन्यांच्या स्पर्धेने ठरलेले आहेत. उद्या स्पर्धा संपली तर ते तसेच राहतील याची हमी कुठल्याही करारात लिहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूने. ऑर्डर देण्याआधीच त्याचं राहण्याचं ठिकाण अक्षराअक्षराने तिसऱ्याकडे जात असतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आहेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दुकानाच्या गोपनीयतेच्या पानावर पत्ता सुचवण्यासाठी कोणाची सेवा वापरतो हे एका वाक्यात लिहायला काय हरकत आहे? भाच्याने ते मराठीत लिहिलं.

टपाल खात्याने २७ मे २०२५ ला आणलेल्या डिजिपिनबद्दल मला सगळ्यात जास्त आशा वाटते. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राबरोबर त्यांनी देशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी केली आणि प्रत्येक चौकोनाला दहा खुणांचा कोड दिला. हा कोड अक्षांश-रेखांशावरून गणिताने निघतो. त्यामागे राखून ठेवायची फाइल नाही, त्यामुळे विकायलाही काही नाही. हिशोब करण्याचा कोड खात्याने खुला ठेवला आहे. दुकान तो स्वतःच्या साइटवर बसवू शकतं, लायसन्सचे पैसे न भरता. पिंपळाच्या पारामागच्या घराला प्रथमच एक नेमकी खूण मिळते. मर्यादा उघड आहे. तळमजल्याचा आणि चौथ्या मजल्याचा डिजिपिन एकच, कारण चौकोन वरून पाहिलेला आहे. चाळीतली खोली त्यात सापडत नाही. शिवाय ‘तुमचं लोकेशन’ या बटणावर बोट ठेवणारा माणूस ऑर्डर देताना ऑफिसात बसलेला असला तर कोड ऑफिसचा निघतो.

दुकानाचा फॉर्म आता दोन तऱ्हांनी चालतो. देश ब्रिटन निवडला तर पैसे देऊन घेतलेली पोस्टकोडची सेवा. तिथे तिला पर्याय नाही आणि ती चोख काम करते. देश भारत निवडला तर आधी पिनकोड विचारला जातो, आणि खुल्या यादीतून त्या पिनखालची पोस्ट ऑफिसं दाखवली जातात. ती यादी दुकानाच्याच सर्व्हरवर आहे. अक्षरं बाहेर जात नाहीत, बिल येत नाही. मग फ्लॅट किंवा खोली नंबराची वेगळी चौकट, तिला कोणतीही सुचवणी हात लावत नाही. त्याखाली इमारत आणि रस्ता, आणि खुणेसाठी एक लांब ओळ, मराठीतही लिहिता येईल अशी. डिजिपिन हवा असेल तर. ही रचना कुठल्याही विकत घेतलेल्या प्लगइनमध्ये तयार मिळाली नाही. मुक्त लायसन्सचं प्लगइन होतं म्हणूनच भाच्याला ते उघडून बदलता आलं. जीपीएलचा खरा उपयोग या घराला इथे झाला.

उरते ती इमारतीची चौकट. तिथे अजून ग्राहकाने लिहिलेल्यावरच विश्वास ठेवावा लागतो, कारण सुचवायला यादी नाही. ती यादी कुठे आहे हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदींत घर क्रमांक असतो, इमारतीचं किंवा चाळीचं नाव असतं, वॉर्ड असतो. नवं बांधकाम झालं की नोंद वाढते, कारण करवसुली त्यावर अवलंबून आहे. मालकाचं नाव, क्षेत्रफळ, थकबाकी कोणालाही नको आहे. ते रकाने वगळून घर क्रमांक, इमारत, रस्ता, वॉर्ड आणि पिनकोड एवढेच रकाने पालिकांनी पिनकोडच्या यादीसारखे खुले करावेत, दर तीन महिन्यांनी नव्याने द्यावेत आणि पुढे कधी कोणा कंपनीला एकटीला विकू नयेत, ही मागणी राज्याच्या नगरविकास आणि ग्रामविकास खात्यांकडे करायला हवी. डोंबिवलीच्या या दुकानातर्फे तसं पत्र आम्ही लिहिलं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेला त्याची प्रत जोडली आहे.